डेटाबेस सर्व्हर : आवृत्ति-सुसंगतता व दोषनिवारण

अनेक व्यक्तींना व अनेक आज्ञावलींना एकाच वेळी लागणारी माहिती एका ठिकाणी सुव्यवस्थितपणे साठविणे, तीत भर घालणे वा दुरुस्ती करणे आणि मागणीप्रमाणे ती पुरविणे, ही कामे करणाऱ्या संगणकीय प्रणालीला ‘डेटाबेस सर्व्हर’ म्हणतात. बँकेतील खाती, रेल्वेची आरक्षणे, रुग्णालयातील नोंदी, कर्मचाऱ्यांची वेतनपत्रके इत्यादींच्या मुळाशी अशी एखादी प्रणाली असते. साठविलेल्या माहितीचे आयुष्य ती हाताळणाऱ्या आज्ञावलीच्या आयुष्यापेक्षा बहुधा दीर्घ असते. वीस वर्षांच्या काळात यंत्र अनेकदा बदलते, सर्व्हरच्या नव्या आवृत्त्या येतात, आज्ञावली लिहिणारे व चालविणारे लोकही बदलतात. खात्यावरील नोंद मात्र तीच राहावी लागते. हे सर्व घटक एकाच गतीने बदलत नाहीत. त्यामुळे डेटाबेस सर्व्हरच्या व्यवहारात उद्भवणारे पुष्कळसे दोष कोणत्याही एका घटकाच्या आत नसून दोन घटकांच्या सीमेवर, म्हणजे एकाने गृहीत धरलेले दुसऱ्याने पाळले नाही अशा ठिकाणी, आढळतात. आवृत्त्यांमधील सुसंगतता राखण्याच्या प्रयत्नांचा इतिहास हा या सीमांचाच इतिहास आहे.

पूर्वपीठिका : प्रारंभीच्या व्यापारी संगणकांत माहिती छिद्रित पत्रांवर व चुंबकीय फितींवर साठविली जाई. प्रत्येक आज्ञावलीची स्वतःची फाइल असे आणि नोंदीतील कोणता भाग कितव्या स्थानापासून सुरू होतो, हे त्या आज्ञावलीतच लिहिलेले असे. नोंदीत एखादा नवा रकाना घालावयाचा झाल्यास ती फाइल वाचणाऱ्या सर्व आज्ञावली पुन्हा लिहाव्या लागत. आयबीएम या अमेरिकन कंपनीने एप्रिल १९६४ मध्ये जाहीर केलेल्या ‘सिस्टिम/३६०’ या संगणकमालिकेमुळे यंत्राच्या पातळीवरील सुसंगततेचा प्रश्न बराचसा सुटला. मालिकेतील लहान यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली मोठ्या यंत्रावर चालू शकू लागली. माहितीच्या मांडणीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

चार्ल्स बाखमन (१९२४–२०१७) यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९६० नंतरच्या दशकात ‘इंटिग्रेटेड डेटा स्टोअर’ ही प्रणाली तयार केली. तीत नोंदी परस्परांशी साखळ्यांनी जोडलेल्या असत. अपोलो चांद्रमोहिमेतील यानाच्या व सॅटर्न-५ अग्निबाणाच्या असंख्य सुट्या भागांची यादी ठेवण्याच्या गरजेतून आयबीएमने इतर कंपन्यांच्या सहकार्याने ‘आयएमएस’ ही प्रणाली विकसित केली व ती १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील डाउनी येथे कार्यान्वित झाली. तिच्यातील नोंदींची रचना वृक्षाच्या शाखांसारखी होती. या दोन्ही प्रकारांत माहिती मिळविण्यासाठी आज्ञावलीला साखळीच्या वा शाखेच्या वाटेने एकेक पाऊल चालावे लागे. वाट बदलली की आज्ञावली निरुपयोगी होई.

संबंधात्मक प्रतिमान : हा अडसर दूर करण्याचा तात्त्विक मार्ग एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) या ब्रिटिश गणितज्ञाने दाखविला. कॉड आयबीएमच्या सॅन होसे येथील संशोधनशाळेत काम करीत होते. जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात त्यांनी सर्व माहिती कोष्टकांच्या रूपाने मांडावी व ती मागताना तिच्या आंतरिक साठवणीचा उल्लेख करण्याची गरज पडू नये, असे प्रतिपादन केले. तत्कालीन प्रणालींतील आज्ञावली तीन गोष्टींवर नकळत विसंबून असतात, असे त्यांनी दाखवून दिले : नोंदींचा साठविलेला क्रम, शोधासाठी केलेल्या निर्देशक सूची आणि माहितीपर्यंत जाण्याची वाट. यांपैकी कोणतीही गोष्ट बदलली, तरी आज्ञावली बिघडता कामा नये, हे त्यांचे उद्दिष्ट होते. या गुणाला ‘माहिती-स्वातंत्र्य’ म्हणता येईल. या कार्याबद्दल कॉड यांना १९८१ साली ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

या प्रतिमानाची व्यवहार्यता पडताळण्यासाठी आयबीएमने ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प हाती घेतला. डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ‘सीक्वेल’ ही पृच्छाभाषा मांडली. हे नाव एका ब्रिटिश विमान कंपनीचे व्यापारचिन्ह असल्याने ते पुढे ‘एसक्यूएल’ असे करण्यात आले. त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर व यूजीन वाँग यांनी ‘इन्ग्रेस’ ही प्रणाली उभारली. तिची पृच्छाभाषा वेगळी होती. एसक्यूएल वापरणारी पहिली व्यापारी प्रणाली मात्र आयबीएमची नव्हती. आज ‘ओरॅकल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने ती १९७९ मध्ये विक्रीस आणली. तिला ‘आवृत्ती २’ असे नाव देण्यात आले होते; पहिली आवृत्ती विकलीच गेली नाही. पहिल्या आवृत्तीवर ग्राहक विश्वास ठेवणार नाहीत, असा हिशेब त्यामागे होता. आवृत्तीचा क्रमांक हा केवळ तांत्रिक निर्देश नसून व्यापारी आश्वासनही असतो, हे या उदाहरणावरून दिसते. आयबीएमची ‘एसक्यूएल/डीएस’ ही प्रणाली १९८१ मध्ये व ‘डीबी-२’ १९८३ मध्ये पुढे आली.

मानकीकरण : निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रणालींत एसक्यूएलची निरनिराळी रूपे रूढ होऊ लागल्यामुळे अमेरिकन राष्ट्रीय मानक संस्थेने १९८६ मध्ये व आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८७ मध्ये या भाषेचे मानक प्रसिद्ध केले. १९९२ मध्ये त्याची मोठी सुधारित आवृत्ती निघाली. तथापि मानक येण्यापूर्वीच प्रत्येक कंपनीच्या ग्राहकांनी हजारो आज्ञावली लिहिल्या होत्या. दोन कोष्टके जोडताना दुसऱ्या कोष्टकात जोडीदार नसलेल्या ओळीही दाखवावयाच्या असतील, तर त्यासाठी सायबेसच्या प्रणालीत ‘*=’ हे चिन्ह, तर ओरॅकलमध्ये ‘(+)’ हे चिन्ह वापरीत. १९९२ च्या मानकाने यासाठी तिसरीच, शब्दरूप रचना ठरविली. रिक्त अक्षरमाला व ‘माहिती उपलब्ध नाही’ असे दर्शविणारी ‘नल’ ही खूण या दोन गोष्टी मानकानुसार भिन्न आहेत; ओरॅकल त्या एकच मानते. अशा भेदांमुळे एका सर्व्हरवर अचूक चाललेली पृच्छा दुसऱ्यावर थांबते किंवा, अधिक घातक म्हणजे, न थांबता वेगळे उत्तर देते. मानकाचे पालन होते की नाही, याची तपासणी अमेरिकेची राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्था करीत असे. ही तपासणी १९९६ मध्ये बंद झाल्यानंतर अनुपालनाचा दावा मुख्यतः कंपन्यांच्या स्वतःच्या कथनावर अवलंबून राहिला.

सर्व्हर व कॉन्फिगरेशन : १९८० नंतरच्या दशकात कार्यालयांतील लहान संगणक जाळ्याने जोडले गेले. माहिती सांभाळणारा सर्व्हर एका यंत्रावर व ती मागणाऱ्या आज्ञावली इतर यंत्रांवर, अशी विभागणी रूढ झाली. मार्क हॉफमन व रॉबर्ट एप्स्टाइन यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या सायबेस कंपनीने या रचनेसाठी ‘एसक्यूएल सर्व्हर’ तयार केला. मायक्रोसॉफ्ट, सायबेस व ॲश्टन-टेट यांच्या करारानुसार त्याची ओएस/२ या परिचालन प्रणालीवरील आवृत्ती १९८९ मध्ये निघाली. विंडोज एनटीवरील आवृत्ती १९९३ मध्ये आली व १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि सायबेस यांचे मार्ग वेगळे झाले. एकाच मुळापासून निघालेल्या या दोन प्रणाली पुढे परस्परांपासून दूर जात राहिल्या.

सर्व्हर कोणत्या पोर्टवर मागण्या ऐकेल, किती स्मृती वापरेल, कोणाला प्रवेश देईल, तारखा कोणत्या क्रमाने वाचील इ. गोष्टी ठरविणाऱ्या निर्देशांच्या समुच्चयाला कॉन्फिगरेशन म्हणतात. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरच्या ६.५ पर्यंतच्या आवृत्त्यांत सर्व्हरला द्यावयाची स्मृती व्यवस्थापकाला २ किलोबाइटच्या एककांत स्वतः मोजून द्यावी लागे. १९९८ च्या ७.० आवृत्तीपासून सर्व्हर ती आपोआप ठरवू लागला. या सोयीची दुसरी बाजू अशी की, कमाल मर्यादा घालून दिली नाही, तर सर्व्हर यंत्रावरील बहुतेक सर्व स्मृती व्यापतो आणि त्याच यंत्रावर चालणाऱ्या इतर सेवा मंदावतात. तक्रार त्या सेवांबद्दल येते. कारण मात्र अन्यत्र असते.

संपर्काचे दोषही असेच फसवे असतात. एसक्यूएल सर्व्हरसाठी १४३३ हा पोर्ट प्रचलित आहे. २००० च्या आवृत्तीपासून एकाच यंत्रावर सर्व्हरच्या अनेक स्वतंत्र प्रती वेगवेगळ्या नावांनी चालविता येऊ लागल्या. अशा नामांकित प्रतीचा पोर्ट सामान्यतः निश्चित नसतो. तो यूडीपी १४३४ या पोर्टवरील एका साहाय्यक सेवेला विचारून कळतो. ती सेवा बंद असल्यास किंवा मधल्या सुरक्षा-भिंतीने तिचा मार्ग अडविल्यास सर्व्हर सुस्थितीत असूनही ‘सर्व्हर सापडत नाही’ असा संदेश मिळतो. प्रवेश नाकारला गेल्यास १८४५६ या क्रमांकाची त्रुटी दर्शविली जाते. घुसखोराला सुगावा लागू नये म्हणून नकाराचे खरे कारण मागणाऱ्याला सांगितले जात नाही. ते सर्व्हरच्या स्वतःच्या त्रुटि-नोंदवहीत लिहिले जाते. वापरणाऱ्याला सर्व नकार सारखेच भासतात, पण नाव अस्तित्वात नसणे व परवलीचा शब्द चुकणे यांतील भेद नोंदवहीवरून कळतो.

‘स्लॅमर’चा प्रसंग : कॉन्फिगरेशन हा केवळ व्यवस्थापकाच्या सोयीचा विषय नाही, याची जाणीव २५ जानेवारी २००३ रोजी जगाला झाली. वर उल्लेखिलेल्या १४३४ पोर्टवरील सेवेतील एका उणिवेचा फायदा घेऊन ‘स्लॅमर’ हा अवघ्या ३७६ बाइटांचा संगणकीय कृमी आंतरजालावर पसरला. प्रारंभी बाधित यंत्रांची संख्या दर साडेआठ सेकंदांस दुप्पट होत होती. सुमारे दहा मिनिटांत, बाधा होऊ शकणाऱ्या यंत्रांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक यंत्रे त्याच्या तडाख्यात सापडली. बाधित यंत्रांची संख्या किमान ७५,००० होती. दक्षिण कोरियातील आंतरजाल सेवा विस्कळीत झाली व अमेरिकेत एका मोठ्या बँकेच्या अनेक एटीएम यंत्रांतून पैसे मिळेनासे झाले. कृमीने साठविलेली माहिती नष्ट केली नाही. जाळ्यावरील प्रचंड वाहतुकीनेच ही हानी झाली.

ही उणीव दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच, म्हणजे सहा महिने आधी, उपलब्ध केली होती. ती अनेक ठिकाणी बसविली गेली नव्हती, यामागे निष्काळजीपणाबरोबर आणखी एक कारण होते. एसक्यूएल सर्व्हरचे एक छोटे रूप इतर कंपन्यांच्या आज्ञावलींबरोबर नकळत बसविले जात असे. आपल्या यंत्रावर डेटाबेस सर्व्हर चालू आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते. जे ठाऊक नाही त्याची आवृत्ती तपासली जात नाही. पुढे २००५ च्या आवृत्तीपासून छोट्या रूपांत बाहेरील यंत्रांशी संपर्क मुळातच बंद ठेवण्यात येऊ लागला. सुरक्षा वाढली, त्याचबरोबर ‘नवा सर्व्हर दुसऱ्या यंत्रावरून दिसत नाही’ ही त्या काळातील एक सार्वत्रिक तक्रार होऊन बसली.

आवृत्ति-सुसंगतता : सुसंगततेच्या दोन दिशा असतात. नव्या सर्व्हरला जुनी माहिती वाचता येणे ही मागील सुसंगतता होय. जुन्या सर्व्हरला नवी माहिती वाचता येणे ही पुढील सुसंगतता होय. पहिली बहुधा राखली जाते. दुसरी बहुधा राखली जात नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या ७.० आवृत्तीत साठवणीचा गाभा नव्याने लिहिण्यात आला व माहितीच्या पानाचा आकार २ किलोबाइटवरून ८ किलोबाइट झाला. त्यामुळे ६.५ मधील माहिती जशीच्या तशी उचलून नेणे अशक्य झाले. ती रूपांतरित करावी लागली. नंतरच्या आवृत्त्यांत जुनी राखीव प्रत नव्या सर्व्हरवर उतरविताच तिचे आपोआप रूपांतर होते. हे रूपांतर एकमार्गी असते. एकदा वर गेलेली माहिती राखीव प्रतीच्या मार्गाने खाली आणता येत नाही. वर नेण्यालाही मर्यादा आहे : २००० च्या आवृत्तीची राखीव प्रत २०१२ च्या सर्व्हरवर थेट उतरविता येत नाही, मध्ये २००५ किंवा २००८ च्या आवृत्तीची पायरी घ्यावी लागते. मधली आवृत्ती मिळेनाशी झाली, की प्रत शाबूत असूनही ती उघडणे दुर्घट होते.

साठवणीचे रूप व भाषेचे वर्तन या भिन्न गोष्टी आहेत. नव्या सर्व्हरवर गेलेल्या माहितीने काही बाबतींत जुन्याप्रमाणे वागावे, यासाठी प्रत्येक डेटाबेसला ‘सुसंगतता-स्तर’ दिलेला असतो. २००० च्या आवृत्तीचा स्तर ८०, २००५ चा ९०, २००८ चा १००, अशी ही श्रेणी २०२२ च्या आवृत्तीत १६० पर्यंत पोहोचली. सायबेसकडून वारसाने आलेले ‘*=’ हे चिन्ह ९० या स्तरापासून अमान्य झाले. ८० स्तरावर ठेवलेल्या डेटाबेसमध्ये ते चालत राहिले, परंतु २०१२ च्या आवृत्तीने ८० हा स्तरच काढून टाकला. सवलतीचा हा काळ जुन्या आज्ञावली सुधारण्यासाठी होता. ज्यांनी तो त्यासाठी वापरला नाही, त्यांना अडचण टळली असे वाटले. वस्तुतः ती पुढे ढकलली गेली होती.

सुसंगतता-स्तराविषयी एक गैरसमज नेहमी आढळतो. स्तर जुना ठेवला, तर प्रत जुन्या सर्व्हरवर उतरविता येईल, असे मानले जाते. २००८ व २००८ आर-२ या दोन्ही आवृत्त्यांचा स्तर १०० हाच आहे. तथापि साठवणीचा अंतर्गत क्रमांक पहिलीत ६५५ व दुसरीत ६६१ आहे. त्यामुळे आर-२ मधील प्रत २००८ चा सर्व्हर नाकारतो. स्तर वर्तन सांगतो, साठवण सांगत नाही. याउलट २०१४ च्या आवृत्तीत, पृच्छेला किती ओळी लागतील याचा अंदाज बांधण्याची पद्धत बदलण्यात आली व ती १२० या स्तराशी जोडण्यात आली. स्तर वाढविताच बहुतेक पृच्छा पूर्ववत वा अधिक वेगाने चालल्या, पण काही एकाएकी मंदावल्या. उत्तर तेच, वेळ मात्र वेगळा, असा हा सूक्ष्म असंगततेचा प्रकार होय.

इतर प्रणालींचा अनुभव निराळा नाही. १९९५ मध्ये निघालेल्या ‘मायएसक्यूएल’च्या ४.१ आवृत्तीत परवलीच्या शब्दाचे गूढ रूप १६ बाइटांऐवजी ४१ बाइटांचे झाले व जुन्या क्लायंट-आज्ञावलींना प्रवेश मिळेनासा झाला. २०१८ च्या सुमारास ८.० आवृत्तीने प्रमाणीकरणाची मूळ पद्धत पुन्हा बदलली, तेव्हा तोच प्रसंग पुन्हा घडला. बर्कली येथील ‘पोस्टग्रेस’ प्रकल्पातून विकसित झालेल्या ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ने २००८ मधील ८.३ आवृत्तीत संख्या, तारीख इत्यादींचे अक्षरमालेत आपोआप होणारे रूपांतर बंद केले. जुन्या पृच्छा त्रुटी दाखवून थांबू लागल्या. हा बदल गैरसोयीचा असला, तरी त्यामुळे आतापर्यंत दडून राहिलेल्या चुका उघड झाल्या. थांबणारी पृच्छा चुकीचे उत्तर देणाऱ्या पृच्छेपेक्षा बरी, हे तत्त्व त्यात होते.

अहवाल व त्यांतील दोष : साठविलेल्या माहितीतून वाचनीय तक्ते काढण्याची साधने डेटाबेसपेक्षाही जुनी आहेत. आयबीएमची ‘आरपीजी’ ही अहवाल-निर्मितीची भाषा १९५९ मधील आहे. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हरला जोडून ‘रिपोर्टिंग सर्व्हिसेस’ हे साधन जानेवारी २००४ मध्ये दिले. त्यात अहवालाचा आराखडा एका ठरावीक लेखी रूपात साठविलेला असतो. हे रूपही आवृत्तीगणिक बदलत गेल्याने नव्या साधनाने लिहिलेला आराखडा जुना अहवाल-सर्व्हर स्वीकारीत नाही. अहवालांसाठी लागणारे गुप्त परवलीचे शब्द एका किल्लीने कुलूपबंद केलेले असतात. नव्या यंत्रावर स्थलांतर करताना माहितीची प्रत घेतली, पण किल्लीची प्रत घेतली नाही, तर आराखडे शाबूत राहतात आणि परवलीचे शब्द मात्र उघडता येत नाहीत. आणखी एक नेहमीचा दोष असा की, अहवाल सर्व्हरच्या यंत्रावर बसून पाहिला असता उघडतो व कार्यालयातील दुसऱ्या यंत्रावरून उघडत नाही. वापरणाऱ्याची ओळख पहिल्या यंत्राकडून अहवाल-सर्व्हरपर्यंत पोहोचते, पण तेथून पुढे तिसऱ्या यंत्रावरील डेटाबेसपर्यंत ती नेण्याची परवानगी दिलेली नसते, हे त्याचे कारण असते.

न उघडणारा अहवाल निदान आपला दोष सांगतो. उघडणारा पण चुकीचा अहवाल अधिक धोक्याचा असतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये वापरणाऱ्याची भाषा अमेरिकन इंग्रजी असल्यास ०३/०४/२०१० ही तारीख ४ मार्च अशी वाचली जाते. भारतीय प्रथेनुसार ती ३ एप्रिल असते. दिवसाचा अंक बारापर्यंत असेतो दिवस व महिना यांची अदलाबदल निमूटपणे होते; १३ तारखेपासून मात्र त्रुटी उद्भवते. महिन्याच्या पूर्वार्धात हिशेब चुकतो व उत्तरार्धात आज्ञावली थांबते, अशा विचित्र तक्रारीचे मूळ बहुधा येथे सापडते. वर्ष, महिना व दिवस सलग आठ अंकांत लिहिल्यास ही संदिग्धता राहत नाही.

नोंदींच्या क्रमावर विसंबणे हा कॉड यांनी १९७० मध्येच दाखविलेला धोका. तो संबंधात्मक प्रणालींतही वेगळ्या रूपाने परत आला. एसक्यूएल सर्व्हरच्या २००० आवृत्तीत, ‘शंभर टक्के ओळी या क्रमाने द्या’ असे दृश्य-कोष्टकातच लिहून ठेवण्याची युक्ती अनेकांनी योजली होती. २००५ च्या आवृत्तीने तो निर्देश निरर्थक ठरवून दुर्लक्षिला व पूर्वी क्रमाने येणारे अहवाल विस्कळीत झाले. मायएसक्यूएलमध्ये गट पाडल्यावर ओळी आपोआप क्रमाने येत; ८.० आवृत्तीत ते थांबले. त्याच प्रणालीच्या २०१५ मधील ५.७ आवृत्तीपर्यंत, गटाबाहेरील स्तंभ मागितल्यास गटातील कोणतीही एक किंमत दिली जाई. त्या आवृत्तीपासून अशी मागणी मुळातच नाकारली जाऊ लागली. अनेक ठिकाणी जुने अहवाल एकदम बंद पडले व नव्या आवृत्तीला दोष देण्यात आला. वास्तविक बंद पडण्यापूर्वीचे त्यांतील आकडे यदृच्छेने आलेले होते.

देवनागरी माहिती : मराठी व इतर भारतीय भाषांतील माहिती साठविताना सुसंगततेचा प्रश्न अधिक बिकट होतो. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे संकेतन १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाले. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीचा समावेश होता. तरीही दीर्घकाळ महाराष्ट्रातील कार्यालये व छापखाने यांत फाँटवर आधारलेले मराठी लेखन रूढ होते. त्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. असा मजकूर डेटाबेसमध्ये गेला, की सर्व्हरच्या दृष्टीने तो निरर्थक रोमन मजकूर असे. पडद्यावर नाव शुद्ध दिसे, परंतु अकारविल्हे यादी व नावावरून शोध ही दोन्ही कामे चुकत.

युनिकोडचा अवलंब झाल्यावर दोन प्रकारचे दोष आढळू लागले व त्यांतील फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये देवनागरीसाठी ७.० आवृत्तीपासून युनिकोड स्तंभांची सोय आहे. पृच्छेत लिहिलेल्या मजकुरापूर्वी ‘एन’ हे अक्षर घालावे लागते. ते राहून गेल्यास मजकूर स्तंभापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याचे जुन्या संकेतनात रूपांतर होते आणि प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठविले जाते. ही हानी भरून न येणारी असते. प्रश्नचिन्हावरून मूळ अक्षर ओळखता येत नाही. मायएसक्यूएलच्या ४.१ पूर्वीच्या आवृत्त्यांना स्तंभागणिक संकेतनाची जाणीव नव्हती. त्यांत देवनागरी बाइट लॅटिन स्तंभात जसेच्या तसे ठेवले जात. नव्या आवृत्तीत ते लॅटिन समजून वाचल्यास स्वरचिन्हांकित रोमन अक्षरांची चमत्कारिक रांग दिसते. येथे बाइट शाबूत असतात. त्यांची ओळख योग्य रीतीने पटवून दिल्यास मजकूर परत मिळतो. मात्र त्यापूर्वीच कोणी ‘दुरुस्ती’ म्हणून त्याचे पुन्हा रूपांतर करून साठविले, तर गुंता वाढतो. म्हणून प्रश्नचिन्हे दिसतात की विचित्र अक्षरे, हे पाहूनच पुढील उपाय ठरवावा लागतो.

दोषनिवारणाची पद्धती : पाच दशकांच्या अनुभवातून या कामाची एक रीत तयार झाली आहे. प्रथम दोषाचे स्थान निश्चित करतात : संपर्क होत नाही, संपर्क होतो पण प्रवेश नाही, प्रवेश आहे पण पृच्छा थांबते, पृच्छा चालते पण उत्तर चुकते, की उत्तर बरोबर असून उशीर होतो. या पाच तक्रारींची कारणे भिन्न असतात. नंतर सर्व्हर, क्लायंट व अहवाल-साधन या प्रत्येकाची नेमकी आवृत्ती लिहून घेतात. त्रुटीचा संदेश वापरणाऱ्याच्या सांगण्यावरून न घेता नोंदवहीतून घेतात. दोष कधीपासून आहे व त्या सुमारास काय बदलले, याचा शोध घेतात. एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहतात. अनेक गोष्टी एकदम बदलल्यास दोष गेला तरी कारण कळत नाही व तो परत येतो. हे प्रयोग मूळ माहितीवर न करता तिच्या प्रतीवर करतात.

नवी आवृत्ती बसविण्यापूर्वी जुन्या व नव्या सर्व्हरवर तेच अहवाल काढून आकडे ताडून पाहणे, हा सर्वांत खात्रीचा उपाय समजला जातो. राखीव प्रत घेतली आहे एवढे पुरेसे नसते. ती दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहिलेली असावी लागते. रूपांतर एकमार्गी असल्यामुळे परतीची वाट आधीच आखावी लागते. दीर्घकाल जपावयाच्या माहितीची एक प्रत कोणत्याही विशिष्ट आवृत्तीवर अवलंबून नसलेल्या साध्या मजकुराच्या रूपात, संकेतनाचा व स्तंभांच्या अर्थाचा स्पष्ट उल्लेख करून ठेवणे इष्ट असते.

आवृत्त्यांचा आधारकाल मर्यादित असतो. पोस्टग्रेस्क्यूएलच्या प्रत्येक प्रमुख आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. एसक्यूएल सर्व्हर २०१२ चा विस्तारित आधार जुलै २०२२ मध्ये व २०१४ चा जुलै २०२४ मध्ये संपला. जमिनीचे उतारे, विद्यापीठांच्या गुणपत्रिका, रुग्णांचे जुने अहवाल यांची गरज याहून कितीतरी अधिक काळ टिकते. वापरणाऱ्याला साठवणीचे अंतरंग जाणण्याची गरज पडू नये, हे कॉड यांचे उद्दिष्ट पुष्कळ अंशी सफल झाले आहे. त्याचे मोल असे की, ते अंतरंग जाणून आवृत्तीमागून आवृत्तीत माहिती सुखरूप नेणाऱ्या व्यवस्थापकाची गरज अजूनही कायम आहे. त्याने काय केले याची लेखी नोंद राहिली, तरच पुढच्या व्यवस्थापकाला तेच काम पुढे नेता येते.